सुपरचार्जर बसवल्यापासून इंजिन तापतंय. मोठा रेडिएटर टाकू की कमी तापमानाचा थर्मोस्टॅट?

आत्ता दोन्ही नको. ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभं राहिलं की तापमान ११० पर्यंत चढतं आणि मोकळा रस्ता मिळाला की उतरतं, असं तुम्ही लिहिलंय. समोरून वारा लागल्यावर इंजिन थंड राहत असेल, तर रेडिएटरचा आकार पुरेसा आहे. उभ्या गाडीत हवा खेचायचं काम फॅनचं असतं आणि ते कमी पडतंय.

थर्मोस्टॅटबद्दल (इंजिनचं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) गैरसमज फार. ८२ अंशांच्या जागी ७१ चा टाकला तर तो लवकर उघडेल, इतकंच. १०५ च्या पुढे दोन्ही पूर्ण उघडलेलेच असतात, त्यामुळे तिथे काहीही फरक पडत नाही.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा ब्लोअर, आणि इंटरकूलर ती गरम झालेली हवा पाण्याने थंड करतो. किट बसवताना त्या पाण्याचा हीट एक्स्चेंजर (छोटा रेडिएटर) सगळ्यांत पुढे लागला असेल. त्यामागे एसीचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर. ०.५५ बार बूस्टला (हवेचा जादा दाब) ३० अंशांची हवा ब्लोअरमधून साधारण ९५ ला बाहेर पडते (कार्यक्षमता ६० टक्के धरली तर), आणि त्यातली बरीचशी उष्णता रेडिएटरच्या तोंडासमोरच सोडली जाते. पण हा त्रास दाबून चालवताना. सिग्नलवर ब्लोअरची जादा हवा मागे फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, बूस्ट जवळपास नसतोच. तिथे अडचण वेगळी: फॅनला आता दोनऐवजी तीन जाळ्यांमधून हवा ओढावी लागते आणि ती मधल्या फटींतून पळवाट काढते. इंजिनखालची गरम हवा बाजूने फिरून पुन्हा पुढे येते ते वेगळंच.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम, एसी चालू, फॅन फुल स्पीडवर. ग्रिलच्या मागे जाळीवर साधा कागद धरा. तो चिकटून राहिला पाहिजे. खाली पडला किंवा बाहेर ढकलला गेला तर फॅन उलटा फिरतोय का बघा, वायर उलट जोडल्या की असं होतं. सरळ फिरत असेल तर फॅनच्या कनेक्टरवर, फॅन चालू असतानाच, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.८ आणि फॅनवर १२ च्या आत दिसत असेल तर रिले, अर्थ किंवा बारीक वायर खातेय. मग श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण. तो रेडिएटरच्या पूर्ण जाळीवर बसलेला हवा. नुसता फॅन जाळीला आवळला तर तो आपल्या पात्यांपुरतीच हवा ओढतो. तिन्ही जाळ्यांच्या कडा आणि वरची-खालची फट क्लोज्ड-सेल फोमच्या पट्टीने बंद करा. एवढ्या स्वस्त कामाचा इतका फायदा दुसऱ्या कशातच नाही, आणि नेमकं हेच काम किट बसवणारे टाळतात. बंपरखालचा एअर डॅम (हवा अडवणारी पट्टी) काढून ठेवला असेल तर तोही परत लावा. त्यामुळे रेडिएटरच्या मागचा दाब कमी होतो आणि वेगात हवा आरपार जाते.

आकडे मात्र ओबीडीवरून (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला स्कॅनर लावून) वाचा. बऱ्याच कंपनी मीटरचा काटा मुद्दाम मधेच धरून ठेवलेला असतो, तो हलेपर्यंत उशीर होतो. कूलंटसोबत इनटेक हवेचं तापमान आणि टायमिंगही (ठिणगी कधी पडते ते) लॉग करा. इंटरकूलरचा पंप बंद पडला की इनटेक तापतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे घेतो आणि त्या उशिरा होणाऱ्या ज्वलनाची उष्णता एक्झॉस्ट पोर्टवाटे कूलंटमध्ये उतरते. म्हणजे दोष एका सर्किटमध्ये, ताप दुसऱ्यात. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण, पाणी थंड असताना, उघडून पाणी फिरताना दिसतंय का बघा.

ब्लोअर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतील तर बेल्ट चकाकलेला किंवा पुलीभोवती काळी पूड दिसते का पाहा. बेल्ट घसरला की बूस्टबरोबर पाण्याचा प्रवाहही घटतो.

कूलंट ५०:५०, डिस्टिल्ड पाण्यात. ते उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, १.१ बारची रेडिएटर कॅप धड असेल तर १२५ च्या पुढे. म्हणून कॅपचं रबर कडक झालं असेल तर आधी कॅप बदला, आणि गरम असताना ती उघडू नका. किट बसवताना कूलंट काढलं असेल तर आत हवा अडकलेली असू शकते: गाडीचं नाक वर, हीटर फुल, ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे थांबेपर्यंत भरा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा थंड इंजिन सुरू करताच होज टणक होत असेल, तर ब्लॉक टेस्ट करून घ्या, त्यात कूलंटवरची हवा निळ्या द्रवातून ओढतात. ते द्रव पिवळं झालं की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. बहुधा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं.

हे सगळं नीट असूनही लांब चढावर किंवा ट्रॅकवर तापमान चढतच राहिलं, तरच रेडिएटर बदला. तेव्हाही फार जाड जाळी घेऊ नका. जाडीमुळे फॅनला हवा ओढणं आणखी जड जातं, आणि तुमचा सिग्नलवरचा त्रास वाढेल.