न्यूयॉर्कच्या टॅक्सीत अल्लारखाँचा ताल

प्रश्न : ताई, मुलगा पियानो शिकतो. आता म्हणतो, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातच रचनाकार व्हायचंय. मला वाटत होतं, बेटोव्हेनबरोबर हे प्रकरण संपलं. आजही कुणी असं लिहितं का? आणि लिहिणाऱ्याचं भागतं कशावर?
– एक पालक, सातारा

उत्तर : लिहितात की! आणि भागतं बहुतेकदा दुसऱ्याच कशावर तरी.

अमेरिकेच्या फिलिप ग्लासचं उदाहरण घ्या. जन्म 1937, बाल्टिमोर. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. ज्युलियार्डसारख्या नामांकित संस्थेत शिक्षण, नंतर पॅरिसला नादिया बुलांजे या कडक बाईंच्या हाताखाली दोन वर्षं पुन्हा पाया घोटणं. एवढं करून न्यूयॉर्कला परतल्यावर गड्यानं नळजोडणीची कामं केली, टॅक्सी चालवली. स्टीव्ह राइश हा त्याच्याच पिढीतला दुसरा मोठा रचनाकार. दोघांनी मिळून काही काळ लोकांचं घरसामान हलवायचा धंदाही केला. नोव्हेंबर 1976मध्ये ग्लासचा ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झाला. तिकिटं सगळी संपली, तरी डोक्यावर कर्ज उरलं आणि स्वारी परत टॅक्सीवर. तिथल्या टॅक्सीत चालकाचं नाव समोर लावलेलं असतं. एक बाई ते वाचून त्यालाच सांगू लागल्या, की तुमचं नाव अगदी एका प्रसिद्ध संगीतकाराचं आहे हो!

टॅक्सी सुटली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याचा एक शहाणपणा मात्र तुमच्या मुलाच्या कानावर घाला. आपल्या रचनांचे हक्क त्यानं स्वतःच्याच प्रकाशन कंपनीत ठेवले आणि वाजवायला स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. त्याचं संगीत ऐकायचं तर त्यालाच बोलवावं लागे.

आपल्या मुंबईचे वनराज भाटिया याच बुलांजेबाईंचे विद्यार्थी, ग्लासच्या आधीचे. ते परत आले तेव्हा इथे सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, लिहून घेणारं कोण होतं? त्यांनी जाहिरातींची गाणी केली, हजारोंनी. ‘लिरिल’ची ती ला-ला-ला धून त्यांचीच. मग बेनेगलांचा ‘अंकुर’, हंसा वाडकरांच्या आयुष्यावरचा ‘भूमिका’, पुढे निहलानींचा ‘तमस’. नाव झालं, पद्मश्री मिळाली, पण शेवटची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली, हेही पेपरात छापून आलं होतं. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ऑपेरा ते म्हातारपणीही लिहीतच होते. मुलाला अडवू नका. पण शिकवणी, ध्वनिमुद्रण, काहीतरी हातात असू द्या. आणि त्याला कमीपणा समजू नका.

प्रश्न : ग्लासनं आपला ताल उचलला, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का?
– तबल्याचा विद्यार्थी, मिरज

उत्तर : तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. अर्धं खरं आहे.

1965च्या सुमारास पॅरिसमध्ये ‘चॅपाक्वा’ नावाच्या चित्रपटासाठी पंडित रविशंकर संगीत देत होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. फ्रेंच वादकांना वाचता यावं म्हणून पंडितजींची धून स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवायचं काम ग्लासकडे. त्यांच्या पद्धतीत मात्रांच्या गटांमध्ये उभ्या रेघा असतात, आणि रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक आपसूक वजन देतो. वजन भलतीकडेच पडायला लागलं. खाँसाहेब पुन्हा पुन्हा एकच सांगत, सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी ग्लासनं वैतागून रेघाच खोडून टाकल्या आणि मग त्याला दोन-तीनचे गट आणि सोळा मात्रांचं आवर्तन दिसलं.

यातून त्यानं काय केलं ते ‘टू पेजेस’मध्ये बघ, 1968ची रचना. पेटी घेऊन बस. मंद्र पंचम, सा, रे, कोमल गंधार, मध्यम. एवढे पाचच स्वर, सारख्या लयीत, पुन्हा पुन्हा. मग पाचांना जोडून पहिले चार. मग पाच, चार, तीन. मग पाच, चार, तीन, दोन. कर्नाटक संगीतात याला गोपुच्छ यती म्हणतील, गाईच्या शेपटासारखी निमुळती होत जाणारी. पण मृदंगमवाला असलं काही करतो ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरण्यासाठी. ग्लासला सम नकोच आहे! आवर्तन नाही, ठेका नाही, म्हणून तिहाईची, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याची, ती हुरहूरही नाही. माझ्या क्लासमधल्या मुलांना मी हे हातावर टाळी देत म्हणायला लावते. चौथ्या फेरीला निम्मी गळतात. तेव्हा हिशेब आपला, हे कबूल. ताल आपला नव्हे.

प्रश्न : गांधीजींवर संस्कृतमध्ये ऑपेरा आहे म्हणे! ऐकावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जरूर. तोही ग्लासचाच, ‘सत्याग्रह’. 1980 साली नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये पहिला प्रयोग. कथा दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींची. तीन अंकांचे साक्षीदार टॉलस्टॉय, रवींद्रनाथ आणि मार्टिन ल्यूथर किंग, आणि गाण्याचे शब्द सगळे गीतेतले. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, बासऱ्यांसारखी फुंकवाद्यं आणि ऑर्गन. ढोल-नगारे नाहीत, तुताऱ्या नाहीत. गायकांचे संस्कृत उच्चार आपल्या कानाला अधूनमधून टोचतात, ते सोडून द्यायचं.

सुरुवात शेवटापासून करा. एकटे गांधीजी चौथ्या अध्यायातलं ‘बहूनि मे व्यतीतानि’ गातात. षड्जापासून तार षड्जापर्यंत सरळ आरोह, तोच, सुमारे तीस वेळा. स्वर लावून बघा : रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. म्हणजे चक्क भैरवी! मैफल भैरवीनं संपवायची ही आपली रीत; ग्लासनं ती म्हणून घेतली असेल असं मी म्हणणार नाही, त्यांच्याकडेही ही स्वरपंक्ती जुनीच आहे. पण मला मजा वाटते.

‘आइनस्टाइन’नं मात्र सुरुवात करू नका. तो जवळजवळ पाच तास चालतो, मध्यंतर नाही. प्रेक्षकांनी वाटेल तेव्हा उठून बाहेर जाऊन यावं, अशी मुळातच मुभा आहे.