पालक ‘तोडला’ की ‘खुडला’? आणि भाजी ‘आळते’ म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय, की कुंडीतल्या पालकाची चार पानं काढून घेतली तर भाजी ‘तोडली’ म्हणायचं की ‘खुडली’, कारण घरी सासूबाई खुडली म्हणतात, रेसिपीच्या व्हिडिओत ‘पाने तोडून घ्या’ असतं, आणि शेवटी हे सगळं म्हणजे निवडणंच ना? शिवाय भाजी आळते म्हणजे नेमकं काय होतं, तेही विचारलंय.

सासूबाई बरोबर आहेत. तोडणं चूक नाही, पण तो मोघम शब्द आहे, झाडापासून काहीही वेगळं केलं की तोडलं. खुडण्याला मात्र अटी आहेत. जे खुडायचं ते कोवळं हवं, नखाने किंवा चिमटीने सहज तुटायला हवं, आणि झाड जागच्या जागी राहायला हवं. म्हणून कळ्या खुडतात, चहाची पानं खुडतात, हरभऱ्याचे शेंडे खुडतात, पण आंबा कुणी खुडत नाही, तो उतरवतात. सुरी, विळा, कात्री आली की खुडणं संपलं, मग ते कापणं. आणि मूठभर पानं धरून हिसडा मारला तर ते ओरबाडणं, त्यात खोडाची सालसुद्धा निघून येते आणि झाड आठवडाभर रुसून बसतं.

या शब्दात बागकामाची अख्खी सूचना आहे असं मला नेहमी वाटतं. माठ, राजगिरा, अंबाडी यांचा शेंडा खुडला की वाढीचा जोर पानांच्या बगलेतल्या डोळ्यांकडे, म्हणजे बारीक कोंबांकडे वळतो आणि खालून फुटवे येतात (फुटवा हा आणखी एक छान शब्द, याला ‘नवीन फांदी’ म्हणणं म्हणजे उगीच शब्द वाया घालवणं). हरभऱ्याचे शेंडे खुडतात तेही याच कारणासाठी, झाड पसरतं आणि वर भाजीही मिळते. पालकाचं मात्र वेगळं, त्याला खुडायला असा शेंडा नसतो, सगळी पानं जमिनीलगत एकाच जागेतून निघतात, तेव्हा बाहेरची मोठी पानं देठाशी धरून खुडायची आणि मधला गाभा शाबूत ठेवायचा. गाभाच काढलात तर खुडलं म्हणू नका, मारलं म्हणा.

मेथी बहुतेक जण उपटतात, मुळांसकट, माती झटकून. ती खालची पानं ठेवून वरवर कापली तर कधीकधी पुन्हा फुटते, पण ‘मेथी खुडली’ असं ऐकू येतं ते बहुतेक वेळा निवडण्याबद्दलच असतं, म्हणजे उपटून आणलेल्या काडीवरून पानं नखाने काढणं. क्रिया हाताला सारखीच वाटते म्हणून शब्द सरकलाय, चालतं.

आता निवडणं. हे झाडापाशी होत नाही, भाजी घरात आल्यावर पेपर पसरून होतं. यात एक गंमत आहे जी बोलताना लक्षातच येत नाही. तांदूळ निवडताना हात खडे उचलतो, म्हणजे जे टाकायचं ते वेचतो आणि चांगलं ताटातच राहतं. मेथी निवडताना उलट, हात चांगली पानं वेचतो आणि काड्या, पिवळं पान, गवत मागे उरतं. क्रियापद एकच, पण हात कुणाला उचलणार हे भाजी ठरवते! तेव्हा तुमच्या कुंडीतला पालक आधी खुडला, मग निवडला, आणि घरचाच असेल तर निवडायला फारसं काही नसतं, एखादं किडीने खाल्लेलं पान सोडलं तर.

त्यानंतर ती चिरायची. ‘भाजी कापली’ हल्ली सर्रास ऐकू येतं, मला खटकतं, पण त्यावरून कुणाशी भांडायला जाणार नाही.

आळणं म्हणजे शिजताना पाणी सुटून, जिरून, आकसून कमी होणं. कढईतून वर येणारा ढीग झाकण काढून बघावं तर वाटीभर. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उष्णतेने पानांचा ताठा मोडतो, पाणी बाहेर येतं आणि पानं एकमेकांवर बसतात. म्हणून ‘आळल्यावर मीठ घाल’ असं सांगतात, कच्च्या ढिगाच्या अंदाजाने घातलं तर भाजी हमखास खारट. आटणं याच्या जवळचं, पण आटतो तो पातळ पदार्थ, दूध आटतं, पाणी आटतं. पिठलं गार होताना घट्ट होतं तेही आळणंच. अळणीचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, तो अलवण म्हणजे बिनमिठाचा यावरून आलाय, हे दोन शब्द एकाच वाक्यात सापडतात एवढंच.

जाता जाता पेरणं. धने रगडून दोन फाकी करून वाफ्यात पेरतात, आणि कढईतली भाजी आळली की वरून बेसन घालतात तेव्हाही ‘पीठ पेरलं’ म्हणतात. नुसतं घातलं म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण पेरलं म्हटलं की कळतं चिमटीने, थोडं थोडं, सगळीकडे सारखं, आणि एका जागी ओतलंत तर गुठळ्या होणार.