विचारा, सांगतो : प्रवासी बाळ आणि घरगुती उद्योग

प्रश्न : मी साताऱ्यात शिवणकाम करते. प्रवासात बाळाचं लंगोट बदलण्यासाठी घडी घालून पर्समध्ये मावेल अशी छोटी गादी शिवली आहे. वर सुती कापड, मध्ये फोम, खाली पाणी न झिरपणारं लॅमिनेटेड कापड आणि चारी कडांना सुती गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली पट्टी. १२ नग शिवून ओळखीत दिले. सातारा-पुणे एसटीत दोघींची सीट कडेने ओली झाली. सामानाचा खर्च नगाला १९० रुपये येतो, २९९ ला विकावी असं वाटतं. पेटंट घ्यावं का? इन्स्टाग्रामवर फोटो टाकलेत.

उत्तर : ताई, पेटंटचं नंतर बघू, आधी गळती थांबवा. तुमचं लॅमिनेटेड कापड निर्दोष असावं, घोळ गोटाचा आहे. समईतली वात जशी तेल ओढते तसा सुती गोट वरची ओल ओढून खाली नेतो. त्यात सुती दोरा वापरला असेल, तर टाक्याच्या प्रत्येक भोकात आणखी एक वात बसली.

म्हणून गोट काढूनच टाका. लॅमिनेटेड होजिअरी कापडाचे धागे सुटत नाहीत, कड नुसती कापून ठेवली तरी चालते. वरचा सुती भाग सुटा करा. तो चारी बाजूंनी २ सेंमी लहान ठेवा आणि चार कोपऱ्यांना टिच बटणांनी अडकवा. बटणाखाली कापडाचा जादा तुकडा लावा, नाहीतर ओढाताणीत भोक मोठं होतं. बटण हाताने ओढून निघतंय का, हे प्रत्येक नगावर पाहा. निघालेलं बटण बाळाच्या तोंडात जातं. वेलक्रो नको. त्यात धागे अडकतात आणि उघडताना इतका आवाज होतो की झोपलेलं बाळ दचकून उठतं.

फोमही काढा. साताऱ्याच्या पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, मग वास धरतो. त्याऐवजी सुट्या भागाला खालून फ्लॅनेलचा एक थर द्या. खिसा शिवायचाच असेल तर पॉलिस्टर दोरा, ११ नंबरची होजिअरीची सुई आणि ३ मिमीचा टाका घ्या. टाका बारीक असला की भोकं जास्त पडतात. टाचण्या लावू नका, कपड्यांचे चिमटे लावा. कापड मशीनच्या पायाला चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय बसवा.

चाचणी घरीच होते. वर्तमानपत्रावर गादी पसरा, १०० मिली पाणी ओता, वर ५ किलो गव्हाची पिशवी ठेवून १५ मिनिटं थांबा. कागदावर ठिपका दिसला तर तो नग विकायचा नाही. मग २० धुण्यांनंतर हीच चाचणी पुन्हा. ब्लीच आणि गरम इस्त्रीने लॅमिनेशन सुटतं, हे लेबलवर ठळक लिहा. पसरणी घाटात उलटी झालेल्या लेकराखाली हीच गादी जाणार आहे, तेव्हा धुणं सोपं हवंच.

आता पेटंट. घडीची गादी ही कल्पना जुनी आहे, त्यावर पैसे घालवू नका. दिसण्यात वेगळेपण असेल तर डिझाइन नोंदणी होते. एकट्या व्यक्तीला अर्जाची फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं आणि पुढे ५ वाढवता येतात. पण ते फक्त रूपाचं, कामाचं नाही. आणि अर्जाआधी जाहीर झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही. इन्स्टाग्रामवरचं रूप त्यामुळे गेलं. नव्या गादीचा आकार किंवा घडी खरोखर वेगळी केलीत, तर तिचा फोटो अर्ज होईपर्यंत कुठेही टाकू नका.

किमतीचं मात्र मनावर घ्या. १९० मध्ये तुमची शिलाई धरलेली नाही. नगाला ६० धरली तर खर्च २५० होतो. राजपथावरच्या दुकानदाराने ३५ टक्के घेतले, तर २९९ मधले तुमच्या हाती १९४ येतात, म्हणजे दर नगामागे ५६ रुपये तोटा. ४९९ ठेवलीत तर ३२४ येतात; खर्च आणि १५ रुपयांचं पॅकिंग जाऊन ५९ उरतात. कापडही वाचवा : १५० सेंमी पन्ह्यात ४८ × ६८ सेंमीचे तीन तुकडे शेजारी बसतात, १० मीटरमध्ये ४२ नग.

पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, १ नग, माप, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन हवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत होते. राज्यातच विक्री असेल तर वार्षिक ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा झाला तर लागते.

प्रश्न : मिरजेत आम्ही बाळाच्या कार सीटमध्ये ठेवायची जाड मऊ उशी बनवतो. तिला खुळखुळा शिवला तर जास्त खपेल का?

उत्तर : खपेल, पण दोन्ही नको. पट्टा आणि बाळ यांच्यामध्ये किंवा पाठीमागे जाड उशी असली, तर धडकेत ती दबते, पट्टा सैल पडतो आणि बाळ पुढे फेकलं जातं. खुळखुळा हे खेळणं आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. परवान्याशिवाय ते विकू नका. तेच कापड, तीच मशीन वापरून पुढच्या सीटच्या मागे अडकवायची पिशवी शिवा : बाटली, लंगोटं, ओला रुमाल यांचे तीन कप्पे, बाळाच्या हाताबाहेर.