कावळ्याला हाक मार

बाळा,

आज सकाळी गॅलरीत केळीच्या पानाचा तुकडा मांडताना तू विचारलंस, "आई, कावळा म्हणजे आजोबा असं तुला खरंच वाटतं?" हात कामात होते, तेव्हा नुसतं "नंतर सांगते" म्हटलं. ते उत्तर आता लिहिते.

भाद्रपदातली पौर्णिमा झाली की अमावास्येपर्यंतचा पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. आपलं माणूस ज्या तिथीला गेलं, त्या तिथीला त्याचं पान. माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, पंचमीला गेले, म्हणून आपली पंचमी. श्राद्धाचे विधी तिकडे मामा करतो, मी इथे बर्लिनमध्ये फक्त वाडी, म्हणजे पितरांसाठी वाढलेलं पान, ठेवते. कावळ्याला यमाचा दूत मानतात. त्याने घास उचलला की तो पितरांना पोचला, असं माझी आजी म्हणायची. पण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर या समजुतीत नाही, ते मुंबईतल्या बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवर आहे.

आधी बाबांविषयी. ते मुंबईत परळच्या एका कापडगिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायचे दोन साचे (माग) चालवायचे. साचेखात्यात इतका खडखडाट, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. त्यात त्यांचे कान गेले आणि आवाज चढला. घरातही ते गिरणीतल्यासारखंच बोलायचे. मी लहानपणी घाबरायचे, पुढे तो आवाज आला नाही की झोप लागेना. तुटलेला धागा ते एका हाताने असा गाठवायचे, की नंतर शोधूनही गाठ सापडत नसे. माझ्या गणवेशाचं कापड घेताना काठ अंगठा आणि तर्जनीत धरून, डोळे मिटून चोळत राहायचे. दुकानदार भाव सांगत असायचा, पण बाबा त्या कापडाशीच बोलत असल्यासारखे.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत. तो संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. पहाटे चारला उठून ते दादरहून भाजीची पाटी आणायचे, दुपारी चाळीच्या तोंडाशी विकायला बसायचे आणि रात्री एका इमारतीवर वॉचमन. आई खानावळीचे डबे करायची. तरी पुरायचं नाही. खालच्या वाण्याने दीड वर्ष आम्हाला उधारीवर धान्य दिलं. बाबांनी ती उधारी पुढची सहा वर्षं फेडली. पगार झाला की आधी त्याच्याकडे, मग घरी. त्या दिवशी जिन्यावर त्यांचं पाऊल हलकं वाजायचं, हे मला अजून आठवतं.

ते गेले तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे बाणगंगेला गेलो. पिंड ठेवला. कठड्यावर कावळे दहा-बारा, पण एकही शिवेना. कावळा शिवला नाही म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, असं मानतात. मग मागे राहिलेले एकेक जण पुढे होऊन शब्द देतात. मामा म्हणाला, "बाबा, आईला मी बघीन." काका म्हणाले, "गावच्या घराची कौलं या पावसाआधी चाळून घेऊ." आत्याने तुझ्या मावशीच्या लग्नाचं सांगितलं. मग मागे उभा असलेला त्या वाण्याचा मुलगा चपला काढून पुढे आला, हात जोडून म्हणाला, "काका, आमच्या वहीत तुमच्या नावावर काही बाकी नाही." आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

कावळा लगेच आला नाही. बराच वेळ गेला, सगळ्यांचं बोलून संपलं, तेव्हा एक उतरला आणि घास घेऊन गेला. कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. पण त्या अर्ध्या तासात मला कळलं, की बाबांच्या मनावर काय काय होतं. चाळीस वर्षांत ते स्वतः एकदाही बोलले नव्हते. कावळ्यासाठी थांबलो म्हणून ते सगळ्यांच्या तोंडून बाहेर आलं. मी पान मांडते ते यासाठी. मांडताना मी त्यांना वर्षभराचं सांगते. तुझ्या दाताचं सांगितलं, आईचा गुडघा बरा आहे तेही.

आणि इथले कावळे बघ ना, अंगाने राखाडी, डोकं आणि पंख काळे. मुंबईच्या कावळ्याची नुसती मान राखाडी असते. पहिल्या वर्षी मला ते परके वाटले होते, आता वाटत नाहीत.

पानावर वडे आहेत, खीर आहे, काळ्या वाटाण्याची उसळ आहे. कडेला एक बटर ठेवलंय, ते बाबा चहात बुडवून खायचे. अजून काही शिवलेलं नाही. शाळेतून आलीस की तू हाक मार. काव काव, पण जोरात. त्यांना कमी ऐकू यायचं.

तुझी,
आई