आधी पुडी

तुझं टिपण काल रात्री दोनदा वाचलं. देशाच्या तंबाखू धोरणात आधी काय करावं, म्हणून सतरा मुद्दे! अरे बाळा, सतरा गोष्टी एकदम पहिल्या कशा असतील? त्यात सगळ्यात वर ई-सिगारेट, जी आपल्याकडे 2019 पासून बंद आहे, आणि पुडी, म्हणजे खायचा-लावायचा तंबाखू, कुठे तर अकराव्या नंबरावर.

आकडे तर तूच दिलेत. 2016-17 चा गॅट्स, म्हणजे मोठ्या माणसांच्या तंबाखूच्या सवयींचा सर्व्हे, देशात ओढणारे 10.7 टक्के आणि खाणारे-लावणारे 21.4, आपल्या महाराष्ट्रात तर ओढणारे 3.8 आणि खाणारे 24.4. मग गोंधळ कसला होतो तुझा? आधी पुडी.

चिडतोय कारण हीच चूक मी केलीय. 2 ऑक्टोबर 2008 ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले तेव्हा आम्ही हॉटेलं, एसटी स्टँड, ऑफिसं पालथी घातली, बोर्ड लावले, आणि घरी माझी आत्या रोज सकाळी चुलीपाशी बसून मिसरी लावायची तिला मी एका शब्दाने बोललो नाही, कारण तंबाखू म्हणजे सिगारेट हेच डोक्यात. तिच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. दाखवायला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही बोर्ड लावले ते चूक नव्हतं, पैसाही त्याच कामासाठी मिळायचा, पण मी मीटिंगमधे उठून मिसरीचं नाव काढू शकलो असतो ना. नाही काढलं.

म्हणून आता काढतो, आणि लोक कंटाळले तरी काढतो.

2012 ला राज्यात गुटखा बंद झाला, मग काय झालं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, टपरीवाला दोन्ही हातात देतो आणि गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचं चित्र आणि इशारा आहे, पण बोटाएवढ्या पुडीवर ते दिसणार किती, आणि अंधारात माळेला लटकलेली पुडी कोण निरखून बघतंय! तेव्हा लिहायचंच तर हे लिही की पुडीचा कमीत कमी आकार ठरवा, म्हणजे पोराला खिशातल्या चिल्लरीत ती मिळणार नाही, आणि कर वाढवा. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते किमतीच्या 75 टक्के तरी कर हवा, ते नुसतं सिगारेटला लावून थांबू नका. आणि आशाताई घरोघरी जातातच, तर त्यांना तोंड तपासायला शिकवा, त्याचे वेगळे पैसे द्या, फुकट राबवू नका.

बिडी वळणाऱ्या बायकांचं काय, हा तुझा प्रश्न खराय. सोलापूर, सिन्नरला जाऊन बघ, दिवसभर मान खाली घालून वळतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या रोजगाराचा पैसा माग, ठणकावून माग, पण त्यांना पुढे करून कर अडवणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

रविवारी ये घरी. टिपण घेऊन ये आणि कात्री माझ्याकडे आहे, तो अकरावा मुद्दा कापून वर चिकटवू. बाकीचे सोळा नंतर बघू.