वाचकांचे प्रश्न : जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. घरात आम्ही सहा जण आहोत : आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-वडील. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि महिन्यातून एकदा दापोली तालुक्यातील गावी जाणे होते. ओळखीतल्या एका गृहस्थांची मारुतीची २०१८ सालची डिझेल अर्टिगा विकायची आहे. ती ९८ हजार किलोमीटर चालली असून ते ६ लाख ६० हजार रुपये मागत आहेत. दुसरीकडे २०१९ सालची, ५२ हजार चाललेली पेट्रोल अर्टिगा ७ लाख ४० हजारांना मिळते आहे. मेहुणे म्हणतात, सहा माणसे घेऊन घाट चढायचा तर डिझेलच घ्या, शिवाय ॲव्हरेजमध्ये पैसे वसूल होतात. कोणती घ्यावी?
– एक शिक्षक, पुणे

उत्तर : आपल्या मेहुण्यांच्या म्हणण्यातला घाटाचा भाग बराचसा खरा आहे; पैसे वसूल होण्याचा भाग मात्र आपल्या बाबतीत फारसा टिकत नाही, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडू. शाळेच्या फेऱ्यांचे वर्षाला साधारण पावणेतीन हजार किलोमीटर होतील. गावी जाऊन-येऊन पावणेचारशे धरले तर बारा फेऱ्यांचे साडेचार हजार होतात. लग्नकार्ये आणि इतर कामे मिळवून आपला वर्षाचा आकडा नऊ हजारांच्या आसपास थांबतो. सहा माणसे, एसी आणि शहरातली गर्दी लक्षात घेऊन पेट्रोल गाडीला लिटरमागे १३ आणि डिझेलला १७ किलोमीटर धरू. कंपनीने छापलेले आकडे याहून बरेच मोठे असतात, पण ते हिशेबाला घेऊ नयेत. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरल्यास किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे आठ रुपये आणि सुमारे पाच रुपये पस्तीस पैसे येतो. म्हणजे वर्षाची बचत चोवीस हजारांच्या आत राहते. त्यातून डिझेल फिल्टर, जास्त लागणारे ऑईल आणि सर्व्हिसिंगचा वाढीव खर्च वजा करा. चालू दर वेगळे असतील तर ते घालून हाच हिशेब पुन्हा करून पाहावा. निष्कर्ष फारसा हलणार नाही.

आता या बचतीसमोर काय उभे आहे ते पाहा. एक लाखाच्या उंबरठ्यावर आलेल्या डिझेल गाडीत क्लच, इंधन फवारणारे इंजेक्टर आणि इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो या तीन गोष्टी केव्हाही खर्च मागू शकतात. यांपैकी कोणत्याही एका कामाचे बिल पाच आकड्यांत जाते आणि एक-दोन वर्षांची बचत एका फटक्यात संपते. दोन गाड्यांच्या किमतीत आज जो ८० हजारांचा फरक दिसतो, त्याला आपण बचत समजू नये. तो पुढच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवण्याचा पैसा आहे.

आपल्या रोजच्या वापराचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. सहा किलोमीटरच्या फेरीत डिझेल इंजिन धड तापत नाही. अर्धवट तापलेल्या इंजिनात काजळी धरते, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह चोंदतो, आणि गाडी हळूहळू मंद होत जाते. २०१८ च्या या अर्टिगात बीएस-४ या जुन्या प्रदूषण-नियमांच्या काळातले इंजिन असल्यामुळे एक दिलासा आहे : त्याच्या सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत ती असते. तिच्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगात पळावी लागते. केवळ गल्लीबोळांत फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते, आणि मग डॅशबोर्डवरचा दिवा लागल्यावर मालक वर्कशॉपच्या चकरा मारत बसतो. आपल्यासारख्या वापराला नव्या डिझेल गाडीपेक्षा ही जुनी परवडेल, हे जरा विचित्र वाटले तरी खरे आहे.

या इंजिनाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. १.३ लिटरचे हे मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचे. स्विफ्ट, डिझायर, ब्रेझापासून टाटांच्या आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांपर्यंत ते इतक्या ठिकाणी बसले, की गाड्यांच्या शौकिनांनी त्याला थट्टेने देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हटले. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या असल्या तरी या इंजिनाचा हात असलेले मिस्त्री गावोगावी आहेत आणि सुटे भागही मिळतात. तेव्हा कंपनीने बंद केलेले इंजिन म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

घाटाबाबत सांगायचे तर, या डिझेलमध्ये ९० पीएस ताकद आणि २०० एनएम टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, आहे, तर २०१९ च्या पेट्रोलमध्ये १०५ पीएस आणि १३८ एनएम. ताम्हिणी चढताना भरलेली पेट्रोल गाडी वारंवार खालच्या गिअरमध्ये आणावी लागेल आणि इंजिनाचा आवाजही चढेल. पण ती थांबणार नाही. डिझेलचा जोर टर्बो जागा झाल्यावरचा आहे. साधारण दोन हजार आरपीएमच्या खाली ती गाडीही मरगळलेलीच असते, आणि हेअरपिन वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या चालकाला हे चांगलेच कळते. महिन्यातून एका घाटासाठी उरलेले सर्व दिवस डिझेल सांभाळावे, असे मला वाटत नाही.

शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये अर्टिगाची दुसरी पिढी आली. २०१९ ची गाडी त्या पिढीतली आहे आणि विकायची डिझेल बहुधा पहिल्या पिढीतली असेल, हे आरसीवरील नोंदणीच्या महिन्यावरून आणि गाडीच्या चेहऱ्यावरून लगेच ओळखता येईल. तिसरी रांग वापरात असताना पहिल्या पिढीच्या डिकीत १३५ लिटरची जागा उरते, दुसऱ्या पिढीत २०९ लिटरची. सहा माणसे गावी निघतात तेव्हा आंब्याच्या पेट्या, आईची औषधांची पिशवी आणि मुलांची दप्तरे कुठे ठेवायची, हा प्रश्न इंधनापेक्षा लहान नाही.

पेट्रोलच्या बाजूनेही एक उणीव नोंदवून ठेवतो. आता पंपावर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते आणि २०१९ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. ॲव्हरेज थोडे उतरते, आणि इंधनाच्या रबरी नळ्या व गास्केट यांच्याकडे सर्व्हिसिंगच्या वेळी लक्ष ठेवावे लागते. वर मी लिटरला १३ च किलोमीटर धरले ते हे गृहीत धरूनच. आपल्या भागात सीएनजी पंपावर रांग लावण्याची तयारी असेल तर कंपनीने बसवलेल्या सीएनजीची अर्टिगाही पाहावी. खर्चात ती डिझेललाही मागे टाकते, मात्र टाकी डिकी खाते.

माझे मत पेट्रोलकडे झुकते. तरीही ओळखीची, एकहाती चाललेली डिझेल गाडी सोडवत नसेल, तर पावणेसहा लाखांच्या वर जाऊ नये आणि इसार देण्यापूर्वी पुढील तपासणी करावी. घासाघीस करताना एक गोष्ट आपल्या बाजूने आहे : सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या गाड्यांवरील जीएसटी कमी झाला, त्यामुळे त्याआधीच्या बाजारभावाचा दाखला देणाऱ्याचे ऐकण्याची गरज नाही.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये असे मालकांना आदल्या दिवशी सांगावे. पोहोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर गाडी आधी सुरू करून ठेवली होती, आणि थंड इंजिन कसे सुरू होते हे पाहण्याची संधी गेली. थंड इंजिन स्टार्टरच्या एक-दोन फेऱ्यांत सुरू व्हायला हवे. पांढरा धूर रेंगाळत राहिला, निळसर धूर आला किंवा रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोट निघाला, तर पुढे जाण्याआधी मिस्त्रीला विचारावे. मग इंजिन चालू असतानाच ऑईल भरण्याचे झाकण उघडून त्याच जागी उलटे ठेवावे. ते हलके थरथरले तर चालेल. नाचू लागले आणि खालून वाफेचे फुत्कार येऊ लागले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजून चहा पिऊन परत यावे. त्यानंतर भूगावमार्गे पिरंगुटच्या चढावर गाडी न्यावी आणि वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. आरपीएमचा काटा चढतो पण वेग वाढत नाही, असे दिसले तर क्लच संपत आला आहे आणि त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

मीटरवरचा आकडा हा फक्त विक्रेत्याचा दावा समजावा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कडा आणि चालकाच्या सीटची उतरण्याच्या बाजूची झीज त्या आकड्याशी जुळते का, ते पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३११८ असेल तर तो टायर २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला. सात-आठ वर्षांचे मूळ टायर असतील तर चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीवर ते तसे शाबूत कसे राहिले, हा प्रश्न विचारावा. मालकांना सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यास प्रत्येक सर्व्हिसिंगच्या तारखेचे किलोमीटर कळतात. त्यात एखादा आकडा मागे गेलेला आढळला, तर ओळखपाळख बाजूला ठेवून व्यवहार मोडावा.

२०१८ ची गाडी म्हटली की मला पुराचीही शंका येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होते, आणि त्या पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. आतल्या भागात मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर आले होते. सीटखालचे नट-बोल्ट गंजलेले आहेत का आणि गालिच्याखाली बारीक गाळ आहे का, हेही पाहावे. विम्याचे जुने दावे विचारावेत.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, थकलेली ई-चलने किती आहेत आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हे आधी पाहावे. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना ती प्लेट नव्याने बसवून घ्यावी लागते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा, अन्यथा आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आधीच्या मालकांचा नो-क्लेम बोनस मात्र त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी असून कोल्हापूर ते रत्नागिरी पट्ट्यात फिरतो. महिन्याला बावीसशे-तेवीसशे किलोमीटर सहज होतात. घरच्यांनाही तीच गाडी वापरायची आहे. डीपीएफच्या कटकटी ऐकून बीएस-६ डिझेल घ्यायला मन धजत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण निःशंकपणे डिझेल घ्यावे. वरच्याच हिशेबाने आपली बचत वर्षाला सत्तर हजारांच्या घरात जाते. तुंबणाऱ्या गाळणीच्या तक्रारी बहुतांशी शहरात रांगणाऱ्या गाड्यांच्या असतात. आपली गाडी रोज आंबा घाट आणि महामार्ग पाहणार असल्याने ती गाळणी स्वतःच साफ होत राहील. खरेदीपूर्वी एवढेच शोधावे, की आधीच्या मालकाचा वापर कुठला होता. पाच वर्षांत जेमतेम २५ हजार चाललेली, सोसायटीत उभी असलेली चकचकीत डिझेल गाडी इतरांना भुरळ घालते. आपण तिच्यापेक्षा नियमित सर्व्हिसिंग झालेली ७० हजारांची गाडी निवडावी. काही मॉडेलना धूर शुद्ध करण्यासाठी डीईएफ नावाचा द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. तो संपल्यास गाडी सुरूच होत नाही, म्हणून त्याचा डबा घरी असू द्यावा.

प्रश्न : दिल्लीची नऊ वर्षे जुनी डिझेल एसयूव्ही आमच्याकडे निम्म्या भावात मिळते आहे. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध आणले. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात आला असला तरी तिथले मालक दहावे वर्ष जवळ आले की गाडी बाहेर काढतात, आणि भाव पडण्याचे कारण तेच आहे. महाराष्ट्रात तो दहा वर्षांचा नियम नाही. इथे पंधरा वर्षांनंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचे नूतनीकरण करता येते. मात्र बारा महिन्यांहून अधिक काळ इथे वापरायची गाडी इथल्या क्रमांकावर आणावी लागते आणि तेव्हा महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. डिझेलचा कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघतो आणि वेळ खातो. म्हणून नाशिक आरटीओत कराची रक्कम आधी विचारून घ्यावी, ती गाडीच्या किमतीत मिळवावी आणि मगच भाव निम्मा आहे का ते ठरवावे. एनओसीवर, म्हणजे दिल्लीच्या आरटीओने दिलेल्या ना-हरकत दाखल्यावर, नाशिकच्याच कार्यालयाचे नाव असल्याची खात्री झाल्याशिवाय दलालाला एक रुपयाही देऊ नये.