काही कमी नाही, तरीही हवंय

प्रिय मैत्रिणी,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. पतसंस्थेत बरीच वर्षं क्लार्क म्हणून काढल्यावर आता कोल्हापूरला शाखाधिकारी व्हायची संधी आलीय. रोज एसटीनं जाऊन-येऊन करावं लागेल. नवरा म्हणतो, ‘तुझं तू ठरव.’ सासूबाई म्हणतात, ‘अरुंधतीवर वेळ आली म्हणून ती बाहेर पडली. तुला काय कमी आहे?’ आणि तुम्ही विचारताय, ‘ताई, मी हावरट झालेय का?’

सासूबाईंनी मालिका अगदी नीट पाहिलीय. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीचं गाणं बहरतं ते नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आल्यावरच. त्याआधी, २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभा करते, तोही गुरुनाथ शनायाच्या नादी लागल्यावर. हिंदीतली अनुपमा त्याच वाटेनं गेली. ती आणि अरुंधती मुळात एकाच बंगाली मालिकेवरून आलेल्या. म्हणजे बाईनं स्वतःसाठी काही मागायचं, तर आधी तिच्यावर अन्याय व्हायला हवा! रोज संध्याकाळी हेच पाहिलं की सुखी घरातल्या बाईची इच्छा चोरीसारखी वाटायला लागते, घरच्यांना आणि तिला स्वतःलाही. या मालिकांमुळे कितीतरी बायकांना धीर आला, हे मी मनापासून मानते. पण नवरा चांगला आहे म्हणून शाखा सांभाळायची इच्छा मारायची, हे मला मुळीच पटत नाही. काम तुम्हाला येतं, ते वरिष्ठांना दिसलंय, आणि तुम्हाला ते करावंसं वाटतंय. एवढं कारण पुरे.

आता मालिकेत कधीच न दिसणारी गोष्ट: कणीक कोण मळतं? ‘तुझं तू ठरव’ ऐकायला छान वाटतं, पण त्यात सगळा भार तुमच्याच गळ्यात राहतो. नवऱ्याला समोर बसवून विचारा. सकाळचे डबे कोण भरणार? मुलीला क्लासहून कोण आणणार? संध्याकाळची एसटी चुकली तर कुकर कोण लावणार? ‘बघू’ हे उत्तर घेऊ नका.

सासूबाईंना मात्र टोमणा परत करू नका. या वयात स्वयंपाक पुन्हा आपल्या अंगावर पडेल, अशी धास्ती त्यांना वाटत असणार, आणि ती रास्त आहे. वाढीव पगारातून पोळ्यांना बाई लावा, आणि हे त्यांना आधीच सांगा.

संस्थेला होकार मात्र लेखी द्या, याच आठवड्यात. डब्यांचं नंतरही ठरवता येईल.